पंखा चालू होता

सोमवार, ३ मार्च

ऑफिसात पाऊल टाकलं तर मालक दारातच उभे. "आधी चहा घे, मग सांगतो," म्हणाले. म्हणजे कुठेतरी काहीतरी जळलंय, हे मी ओळखलं. जळलंच होतं. एका संशोधन प्रयोगशाळेतलं आमचं यंत्र काल दुपारी तापून बंद पडलं. त्यावर, म्हणजे आमच्या नियंत्रक संगणकावर, चालणारा डीप फ्रीजर त्याच्या मागोमाग गेला आणि चार वर्षं जमवलेले रक्ताचे नमुने आज सकाळपर्यंत वितळून वाया गेले. तिथल्या संचालक बाईंचा एकच प्रश्न आहे, दोष यंत्राचा की माणसाचा? उत्तर आजच्या आज हवं.

वीस मिनिटांत दिलं. नोंदींचं शेवटचं पान उघडलं. यंत्र थंड ठेवणाऱ्या पंख्याचा वेग दर मिनिटाला लिहिलेला असतो. २३४०, २३४०, २३४०. खालपर्यंत एक ओळसुद्धा हललेली नाही, अगदी शिस्तीत. तापमान मात्र चढत चढत त्र्याण्णववर. लिहून दिलं की पंखा शेवटपर्यंत चालू होता, हवाच आत येत नव्हती, पुढचा फिल्टर तुंबलेला असणार.

तो फिल्टर दर शनिवारी धुवायचं काम तिथल्या तंत्रज्ञाचं. तक्त्यावर शनिवारची सही आहे म्हणे. सही करायला काय लागतं! काम यांनी टाळायचं आणि नाव आमचं खराब. मालक एवढे खूश झाले की दुसरा चहाही त्यांनीच आणून दिला.

बुधवार, ५ मार्च

संचालक बाईंचा फोन. फिल्टर काढून बघितला तर लख्ख स्वच्छ निघाला! पण सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी तंत्रज्ञच आला होता, तेव्हा त्यानं गुपचूप धुऊन ठेवला असणार, असं त्यांचं म्हणणं. तो म्हणतो शनिवारीच धुतला. त्याला घरी बसवलंय, चौकशी होणार आहे.

"पण तुमचा आकडा स्पष्ट आहे ना?" बाईंनी विचारलं.

"आकडा कशाला खोटं बोलेल?" मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर शेजारच्या टेबलावरून शंकानं मान वर केली. शंका म्हणजे आमची टेस्टर. हिला कुठल्याही गोष्टीची शंका येते, म्हणून सगळं ऑफिस तिला याच नावानं हाक मारतं आणि तीही ओ देते.

"अगं, हा पंखा एकदाही २३४१ का नाही झाला?"

"चांगल्या बनावटीचा आहे."

"माझ्या घरचा पंखासुद्धा जरा लटपटतो बाई."

"मग बदल तो," मी म्हटलं. तिचं हे नेहमीचंच आहे, सुतावरून स्वर्ग गाठते. जळलेलं यंत्र खोक्यात घालून आलंय. माझ्या टेबलाखाली ठेवलंय. पाय टेकायला बरं पडतं.

शुक्रवार, ७ मार्च

तंत्रज्ञानं स्वतः फोन केला. नंबर यंत्रावरच्या चिकटपट्टीवरून पूर्वीच लिहून ठेवला होता म्हणाला. आवाज अगदी हळू.

"मॅडम, बावीस वर्षं झाली मला इथे. मी शनिवारी फिल्टर धुतला होता. तुमच्या यंत्रात आणखी कुठे काही दिसतं का? एकदा बघाल?"

"बघितलंय हो मी."

"बरं." तो म्हणाला. "मग बरं," असं म्हणून त्यानंच ठेवला.

भांडला असता तर सोपं गेलं असतं. दिवसभर चिडचिड होत राहिली. घरी आल्यावर छत्री कुठे ठेवली यावरून नवऱ्याला फाडून खाल्लं. छत्री माझ्याच बॅगेत होती.

सोमवार, १० मार्च

शंकाचं तोंड एकदाचं बंद करावं म्हणून आज नोंदी पहिल्या पानापासून वाचायला घेतल्या. शेवटचं पान सोडून मी काहीच वाचलं नव्हतं, हे इथे तरी कबूल करते.

शनिवारच्या नोंदी: २३३२, २३४७, २३३९, २३५१. लटपटतोय की! रविवारी पहाटे तीन चाळीसपर्यंत लटपटतोय. तीन चाळीसला २३४० आणि तिथून पुढे अकरा तास २३४०. तापमान चढायला लागलं तीन पन्नासला.

पंखा फिरवणारी आणि त्याचा वेग मोजणारी चिप एकच आहे. ती तीन चाळीसला मेली. पंखा थांबला. पण चिपशी बोलणारा ड्रायव्हर, म्हणजे कर्नेलमधला, यंत्राच्या मूळ प्रणालीतला, तेवढाच छोटा प्रोग्राम, पुढचे अकरा तास मेलेल्या चिपच्या नावानं शेवटचा चांगला आकडा सांगत राहिला. पंखा बंद दिसला असता तर सगळ्यांचे फोन वाजले असते. चालू दिसला, म्हणून तापल्याची नुसती मेल गेली, तीही रविवारी कुलूप लावलेल्या खोलीतल्या संगणकावर.

ड्रायव्हरचा कोड उघडला. चारच ओळी. चिपनं उत्तर दिलं नाही तर आधीचा आकडा दे. वर शेरा: तात्पुरतं, नंतर नीट करू. कुठल्या गाढवानं लिहिलंय म्हणून इतिहास काढला. प्रत्येक ओळ कोणी, कधी लिहिली ते त्यात असतं.

मी. नऊ वर्षांपूर्वी.

मग सगळं आठवलं. ही चिप अधूनमधून एखादा ठोका चुकवते, एखाद्या वेळी उत्तरच देत नाही. तेवढ्यावरून पहिल्या ग्राहकाकडे धोक्याची घंटा वाजायची आणि तो आम्हाला शिव्या घालायचा. एक ठोका चुकला तर मागचा आकडा दाखवू, असं मी केलं. किती ठोके चुकले तर थांबायचं, ते मोजलंच नाही. घंटा बंद झाली. मला शाबासकी मिळाली.

शंकाला दाखवलं. "मी म्हटलं नव्हतं?" असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मंगळवार, ११ मार्च

खोकं उघडलं. पंखा बोटानं फिरवून बघितला, मस्त मोकळा फिरतो. बिघाड चिपमध्येच आहे. मग चांगलं यंत्र घेतलं आणि चालू असताना चिपची वायर ओढली. पंखा थांबला. पडद्यावर २३५२. पंखा उचकटून हातात घेतला, पडद्यावर २३५२. शंकानं तो माझ्या हातातून घेतला आणि खिडकीत नेऊन ठेवला. २३५२.

मालकांना बोलावून दाखवलं. ते खुर्चीत बसलेच.

"हे बघ," ते म्हणाले, "ड्रायव्हर दुरुस्त कर. नवीन आवृत्ती सगळ्यांकडे जाऊ दे. पण अहवाल गेला तो गेला."

"तिथे एका माणसाची नोकरी जातेय."

"जाईल की नाही, माहीत नाही. हे बाहेर गेलं तर इथल्या सात जणांची जाईल, ते मात्र माहितीये."

त्यांच्यावर संतापले खरी. पण बसमध्ये खिडकीशी बसल्यावर मनात आलं की ते म्हणतात तसंच करावं. गप्प बसावं. तो माणूस मला कुठे भेटणार आहे? दोन थांबे मी हाच विचार करत होते. लाज वाटते, पण करत होते.

नाही. दुरुस्ती मी करणार आणि अहवालही मीच मागे घेणार. हे लिहून ठेवते, म्हणजे उद्या पळवाट काढता येणार नाही.

बुधवार, १२ मार्च

पहिली दुरुस्ती अर्ध्या तासात केली. चिपनं उत्तर दिलं नाही तर शून्य दाखवायचं. शंकानं दहा मिनिटांत परत केली.

"शून्य म्हणजे पंखा बंद. बंद आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"चिप बोलत नाहीये ना!"

"मग तेवढंच सांग. एक खोटं काढून दुसरं कशाला घालतेस?"

मी तणतणत घरी आले. नवरा जेवणाच्या टेबलावर गणिताचे पेपर तपासत बसला होता, शाळेच्या परीक्षा चालू आहेत. त्याला सगळं सांगितलं. त्यानं लाल पेन खाली ठेवलं नाही, पण ऐकलं.

"अगं, आमच्याकडे शून्य मिळालेला वेगळा आणि गैरहजर वेगळा. गैरहजर असेल तर मी आकडाच लिहीत नाही. मागच्या परीक्षेचे मार्क लिहिले तर माझी नोकरी जाईल."

"मग नऊ वर्षांत माझी कशी नाही गेली?"

"तुमच्याकडे पालकसभा नसते," तो म्हणाला आणि पुढचा पेपर ओढला. हसू आवरेना मला. कितीतरी दिवसांनी असं हसले.

शनिवार, १५ मार्च

चिप गप्प असेल तर ड्रायव्हर आता आकडा देतच नाही. वाचता आलं नाही, एवढंच कळवतो. लागोपाठ तीनदा तसं झालं की आमचा प्रोग्राम सगळ्यांचे फोन वाजवतो. एखादा ठोका चुकला तर कुणाला त्रास नाही. तीसदा वायर ओढून बघितली. शंकानं आणखी तीसदा ओढली, तेव्हा कुठे तिचं समाधान झालं.

पण हा ड्रायव्हर आमच्या एकट्यांचा नाही. कर्नेल सगळ्यांना खुला, त्यातला हा भाग कोणीही वापरावा. त्यामुळे त्या भागाच्या राखणदारानं तपासल्याशिवाय एक ओळही आत जात नाही. आम्ही त्याला हेडमास्तर म्हणतो. कुठे राहतो देव जाणे. कधी बघितलेलं नाही, फक्त मेल येते, तीही जखमेवर मीठ चोळल्यासारखी.

आज आली. "दुरुस्ती योग्य, पण अर्धी. दुसऱ्या पंख्याच्या वाचनात हीच चूक आहे, ती तशीच ठेवली आहे. शिवाय ही चूक मुळात कोणत्या बदलातून आली आणि तिनं प्रत्यक्षात काय नुकसान झालं, ते लिहिलेलं नाही. लिहा."

दुसरा पंखा! आमच्या यंत्रात तो नाहीच, पण या चिपला दोन जोडता येतात. कपाळावर हात मारला. ते पाच मिनिटांचं काम. पण खालच्या दोन गोष्टी लिहायच्या म्हणजे मूळ बदल माझा, हे साऱ्या जगासमोर येणार. आमच्या धंद्याची ही रीतच आहे. चूक दुरुस्त करताना ती कुठून आली त्याचा उल्लेख करावा लागतो, आणि तो उल्लेख कायम तिथे राहतो.

लिहिलं. "या चुकीमुळे एका प्रयोगशाळेत थांबलेला पंखा अकरा तास चालू दिसला. नमुने नष्ट झाले. दोष चुकीच्या माणसावर गेला." शेवटचं वाक्य तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं.

सोमवार, १७ मार्च

हेडमास्तरांनी बदल आत घेतला. उत्तरात एकच शब्द, "घेतला". एवढा आनंद मला शाबासकी मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

मालकांनी मात्र ते वाचलं आणि माझ्याशी बोलणंच बंद केलं. मी तोंडावर सांगितलं की आता प्रयोगशाळेला फोन करतेय. ते उठून बाहेर गेले आणि दार लावून घेतलं. त्यांना माझं तोंड बघायचं नसणार.

संचालक बाईंना म्हटलं, "माझा अहवाल चुकीचा आहे. मी तो परत घेतेय."

"आता कशाला?" त्या म्हणाल्या. "तंत्रज्ञांनी शुक्रवारीच लेखी कबुली दिली. शनिवारी फिल्टर धुतला नव्हता, सोमवारी येऊन धुतला, असं स्वतःच्या हातानं लिहून दिलंय. गुरुवारी समिती बसली की विषय संपला."

मला काही कळेना. धुतला नव्हता? म्हणजे मी उगाच घसा कोरडा करतेय का? खोटी सही केलीच होती त्यानं? शंकाला विचारलं. ती म्हणाली, "फिल्टर धुतला असो नाहीतर नसो, पंखा थांबला होता ना? तुला जेवढं माहीत आहे तेवढं सांगून ये." बरोबर आहे. गुरुवारी जाणार.

गुरुवार, २० मार्च

सकाळी बघते तर चांगलं यंत्र, सुटा पंखा आणि वायरी नीट बांधून खोक्यात भरलेलं. वर माझं नाव, मालकांच्या अक्षरात. ते स्वतः मात्र उशिरा येणार असल्याचा निरोप होता. मला बरंच वाटलं, वाद टळला.

समितीत चार जण, लांबलचक टेबल. टोकाला एकटा बसलेला माणूस म्हणजे तंत्रज्ञ, हे कोणी सांगावं लागलं नाही. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हात मांडीवर. मी यंत्र चालू केलं, मुद्दाम जुन्याच ड्रायव्हरसकट. पडद्यावर आकडा लटपटत होता. "हा खरा आकडा," मी म्हटलं. मग चिपची वायर ओढली आणि थांबलेला पंखा काढून संचालक बाईंच्या पुढ्यात ठेवला. पडद्यावर २३४६.

"हा पंखा चालू आहे का?" मी विचारलं.

त्यांनी त्याच्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "नाही."

"त्या रविवारी तुमच्याकडे हेच झालं. फिल्टरचा संबंधच नाही. ही चूक नऊ वर्षांपूर्वी मी केली, आणि परवा शेवटचं पान बघून अहवाल दिला, तोही मीच."

समितीतले एक वयस्कर डॉक्टर तंत्रज्ञाकडे वळले. "अहो, मग तुम्ही कबुली का दिलीत?"

तो उभा राहिला. बसूनच बोला म्हटलं तरी उभाच.

"साहेब, मला धुतल्याचं आठवत होतं. पण पंखा चालू होता असं यंत्र सांगतंय, मॅडमनी पण बघितलंय म्हणाल्या. सगळ्यांनी रोज तेच विचारलं. मग मला वाटायला लागलं, बावीस वर्षं दर शनिवारी धुतोय, तर मला आठवतोय तो मागचा एखादा शनिवार असेल. या वेळी विसरलो असेन. मशीन कशाला चुकेल? कबूल केलं तर निदान निवृत्तीपर्यंत ठेवतील, असं घरी ठरलं."

बघितलंय हो मी. असंच म्हटलं होतं मी त्या शुक्रवारी. त्यानं आणखी काही विचारू नये म्हणून घाईघाईनं म्हटलं होतं.

संचालक बाईंनी फाइलीतला कागद काढून त्याला परत दिला. कामावर सोमवारपासून या म्हणाल्या. त्यानं कागदाची बारीक घडी करून वरच्या खिशात ठेवली, फाडला नाही.

बाहेर जिन्यात मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "मॅडम, माफी राहू दे. एक काम कराल? हे सगळं माझ्या घरी येऊन सांगाल? मी सांगितलं तर त्यांना वाटेल, नोकरी राहिली म्हणून बोलतोय."

रविवार, २३ मार्च

गेले. तिसरा मजला, दोन खोल्या. दारात चपला ओळीत लावलेल्या. त्याची बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि तो. तिघंही माझी वाट बघत बसले होते. यंत्र नेलं नव्हतं. पंखा, चिप, कर्नेल यातलं काहीच बोलायचं नाही, असं ठरवून गेले होते.

"चूक माझी होती," मी म्हटलं. "यांचा त्यात काही संबंध नाही. यंत्र खोटं बोलत होतं, कारण मी त्याला तसं शिकवलं होतं."

मुलगी माझ्याकडे रोखून बघत होती. "म्हणजे बाबांनी फिल्टर धुतला होता?"

इथे मी अडकले. मी फक्त पंख्याचं सांगू शकत होते. फिल्टर धुताना मी कुठे बघितलं होतं? हो म्हणून टाकायला किती सोपं होतं! तिला तेच हवं होतं, त्यालाही. पण म्हटलं, "ते मला माहीत नाही गं. यंत्रावरून ते कळतच नाही. पण धुतला नव्हता असं जे मी म्हटलं, त्याला काहीच आधार नव्हता."

तंत्रज्ञ खाली बघत होता. मी त्याचं सगळं घालवलं, असं मला वाटलं. उठून जावंसं वाटत होतं, तरी बसून राहिले.

त्याची बायको उठून आत गेली. नळाचा आवाज आला. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती तोंड धुऊन. माझ्याकडे तिनं बघितलंही नाही. नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"त्या शनिवारी तुम्ही घरी आलात तेव्हा शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. मीच वाळत घातला तो शर्ट. त्या दिवसापासून मला आठवतंय." तिनं त्याची बाही हातात धरली. "आठवत होतं, आणि तरी मी तुम्हाला म्हटलं, कबूल करून टाका."